जर्मनचं चाक

ज्या वर्षी सायमाचा निकाह झाला, करोना सरल्यानंतरचं दुसरं वर्ष ते, त्या वर्षी भद्रावतीच्या हाफिज कलईवाल्याच्या अंगणात मोटारीची चाकं घासण्याचं खूळ शिरलं.

कलईवाला हे आता नावापुरतंच. घरोघरची पितळी भांडी माळ्यावर गेली, चुलीवर जर्मन चढलं, तेव्हापासून त्याचा भाता थंड पडला होता. ॲल्युमिनियमला या भागात जर्मन म्हणतात. हाफिजच्या तोंडी तो शब्द शिवीसारखा येई. पातळ चहा जर्मन, हलका माणूस जर्मन. बायकोने, सुलतानाने, बाजारातून जर्मनचा गंज, म्हणजे पातेलं, आणला, तर त्यातला भात त्याने कधी खाल्ला नाही.

आणि पोराने, तौसीफने, जुनी मोटार आणली तिची चाकंच जर्मनची! अलॉय म्हणे. नाव बदललं म्हणून जात बदलते काय?

सायमाने हट्ट धरला होता, सासरी जाईन तर भाईजानच्या गाडीतच. मंगनीच्या दिवशी नवरदेवाचा, जिशानचा, मामू चंद्रपूरहून आला होता. त्याने गाडीवरून बोट फिरवलं आणि इथल्या कोळसाखाणीच्या धुळीने काळं झालेलं ते बोट सगळ्यांना दाखवलं. "भद्रावतीच्या गाडीत बहू येईन, तं घरात घ्याच्या आधी आंघोळच घालावी लागन. कोळसाच कोळसा!" सगळे हसले. सायमा हसली नाही. पाहुणे गेल्यावर ती भावाला म्हणाली, "भाईजान, गाडी अशी चमकली पाह्यजे का मामूले त्यात आपलं तोंड दिसलं पाह्यजे."

तौसीफ कामाला लागला. जॅक लावून एकेक चाक काढायचं, पाणी मारत आधी जाड, मग बारीक पॉलिश कागद फिरवायचा, शेवटी डबीतलं पॉलिश लावून फडक्याने घासत बसायचं. फडकं काळं होई, बोटं काळी होत, चाक पांढरं होई. हाफिज ओट्यावर बसून बघे.

"काय करून राह्यला बे?"

"पॉलिश, अब्बा."

"चाकाले? उद्या चपलीले कलई करशीन. शेणाचिखलात फिराची चीज, तिचा आरसा करून कोण भांग पाडणार हाय त्यात?"

आतून सुलताना म्हणाली, "तुमच्या भात्यात उंदरं व्याले, पण तोंडाचा भाता काही थंड होत नाई."

तीन चाकं झाली. हाफिज जवळून गेला तेव्हा एका चाकात त्याला आपलीच पांढरी दाढी दिसली. तो थुंकला आणि पुढे गेला.

निकाहच्या आदल्या दुपारी चौथं चाक नुसतं कागद मारून उघडं पडलं होतं. तेवढ्यात मांडववाल्याचा फोन आला आणि तौसीफ धावला. सायमा मेंदीचे हात घेऊन दारात आली. "अब्बा, एक राह्यलं ना."

"राह्यलं तं राह्यलं. तो आठवडाभर घासते ते मी घडीभरात करतो. घासते तो गाढव. कारागीर धुते."

त्याने माळ्यावरून कॉस्टिक सोड्याचा जुना डबा काढला. कलई करायच्या आधी पितळेचा जुनाट मळ तो याच सोड्याच्या पाण्याने काढत असे. चाक घमेल्यावर आडवं ठेवलं आणि वरून सोड्याचं पाणी ओतलं. फसफस फेस आला, वाफ उठली. हाफिज खूश. "पाह्य सुलताना, मळ कसा निघून राह्यला!"

मळ निघतच राहिला. कारण तो मळ नव्हता. सोडा चाकालाच खात होता. धुऊन बघितलं तर चाक तव्याच्या बुडासारखं काळं, आणि वर बारीक खड्डे. राख लावली, चिंच लावली. आणखीच कळा गेली.

"जर्मनच ते," हाफिज म्हणाला. "जर्मनकडून दुसरं काय होणार?"

तौसीफने येऊन बघितलं. मग कागद घेऊन भिडला, पण खड्डे काही जाईनात. सायमा आत गेली. सुलताना म्हणाली, "जिंदगीभर जर्मनले शिव्या देल्या. आज त्यानं तुमच्याच हातानं बदला घेतला. तोही पोरीवर." त्या संध्याकाळी हाफिजच्या तोंडून कोणासाठीच वाकडा शब्द निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी निकाह झाला. तौसीफने काळं चाक भिंतीकडे करून गाडी लावली होती. पण मामू म्हणजे पाहुणा म्हणून आला तरी दारामागं डोकावणारा माणूस. त्याने गाडीला चक्कर मारलीच.

"अरे वा! तीन चाकं शादीचे अन् एक मय्यतीचं? पॉलिश पुरली नाई काय, समधी?"

सगळे हसले. सायमाचा हात गाडीच्या दारावर होता. तो हात खाली आलेला हाफिजने बघितला.

"मामूसाहेब," तो म्हणाला, "तुमच्या घरी लेकराले काजळाचा टिका लावतेत का नाई?"

"लावतो ना."

"सारं तोंड रंगवता, का एका गालाले लावता?"

"एका गालाले. काऊन?"

"मंग? पोरगी माही चांदीसारखी, गाडी चांदीसारखी. अन् चंद्रपूरच्या लोकाइची नजर मले माहीत नाई काय? हे चाक म्या माह्या हातानं काळं केलं. जिंदगीभराची कारागिरी लागली त्याले. तुमच्याच्यानं होते काय?"

हसू फिरलं आणि मामूवर जाऊन बसलं. जिशानच्या म्हाताऱ्या फुफीने, आत्याने, तर चाकावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. रडायच्या वेळी सायमा ओढणीत तोंड घालून हसत गाडीत बसली.

गोष्ट फिरत फिरत पोंभुर्ण्यापर्यंत गेली. तिथला धनराज नवीकोरी पांढरी गाडी घेऊन दारात उभा. "चाचा, आमचंही एक चाक नजरेचं करून द्या."

कित्येक वर्षांनी हाफिजच्या दारात गिऱ्हाईक आलं होतं. त्याने धनराजला वरून खाली बघितलं, मग गाडीला बघितलं.

"तुह्या गाडीकडे पाह्यते कोण बे, नजर लागाले?"

असे आणखीही बेअक्कल आले. हाफिज सकाळीच आंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर बसे आणि आलेल्या एकेकाला सोलून परत पाठवी. सोड्याचा डबा मात्र त्याने पुन्हा खाली काढला नाही. तौसीफ ईदला तीन चाकं घासतो. चौथं तसंच आहे.

सायमाच्या पहिल्या मुलाचा अकीका, जावळाचा विधी, झाला, त्यानंतरच्या डिसेंबरात एका शुक्रवारी सकाळी हाफिज वारला.