कासवाच्या नाण्यावरचे कुंकू

मित्रांनो, माझ्या अंगावर कासव आहे, पण चाल मात्र माझी कधीच कासवाची नव्हती! मी ग्रीसमधल्या एजिना बेटावरचे एक जुने चांदीचे नाणे आहे. किती जुने? अडीच हजार वर्षांचे! त्या बेटावर शेती बेताचीच, सगळे पोट समुद्रावर. तापलेली चांदी ठशावर ठेवून हातोडा हाणला, की एका अंगाला कासव उठे आणि दुसऱ्या अंगाला खोल चौकोनी खड्डा पडे. जन्मले तशी मी गलबतात बसले आणि बंदरामागून बंदरे पालथी घातली. परक्या मुलखातले व्यापारीही कासव पाहताच मला बिनदिक्कत हातात घेत. काय ऐट होती माझी!

पुढे कुणी मला मडक्यात घालून पुरले आणि विसरून गेले. मी काळीठिक्कर पडले. कितीतरी शतकांनी बाहेर निघाले ती फिरत फिरत जर्मनीत, बॉनला आले. तिथे एका हौशी गृहस्थाने मला विकत घेतले. "तुला चक्क ठकवलंय," म्हणून नातलग तो मरेपर्यंत त्याला हसले. तो खरा होता की भोळा, एवढेच त्याच्यामागे राहिलेल्या बायकोला, फ्राऊ केसलर आजींना, जाणून घ्यायचे होते. त्यांच्या वरच्या खोलीत श्रीपाद राहत असे. तो विद्यापीठात जुन्या नाण्यांवर संशोधन करी. प्राध्यापकांना दाखवायला म्हणून आजींनी मला त्याच्या हाती सोपवले.

ते १९५८ साल होते आणि नेमके लक्ष्मीपूजन आलेले. श्रीपादची बायको वसुधा नुकतीच पुण्याहून आली होती. टेबलावर मला पाहून तिला वाटले, नवऱ्याने पूजेसाठीच नाणे आणले. तिने दंतमंजनाने मला असे घासले की मी लखलखून उठले! मग हळद, कुंकू, फूल. मी तर हरखूनच गेले.

श्रीपादने आल्याबरोबर मला उचलून दिव्याजवळ नेले.

"अगं, तो काळा थर म्हणजे त्याच्या वयाचा पुरावा होता."

"अहो, पण काळ्या चांदीची पूजा करतं का कुणी?" वसुधाचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी आजींना घेऊन दोघे प्राध्यापकांकडे गेली. ते आधी खूप रागावले. मग त्यांनी भिंग डोळ्याशी नेले आणि मला खिडकीशी धरले. कासवाच्या पाठीवर एक इवलासा ठसा उघडा पडला होता. कुण्या जुन्या व्यापाऱ्याने पारख करून तो मारला होता.

"मग नकली नाणं करणारा ही खूण काळ्या थराखाली कशाला लपवील?" ते म्हणाले. "अस्सल आहे."

आजींनी माझ्यावरून हळूच बोट फिरवले. "म्हणजे माझा कार्ल भोळा नव्हता."

खड्ड्यात अडकलेले कुंकू काढायला प्राध्यापकांनी टाचणी उचलली, तेव्हा आजींनी त्यांचा हात धरला.

"ते राहू द्या. कार्लनंतर या मुलीनेच तर याला खरं मानलं."

मित्रांनो, दंतमंजनाचे ओरखडे माझ्या अंगावर कायमचे राहिले. म्हणून सांगते, जुनी वस्तू घासण्याआधी जाणत्याला विचारा, आणि कुणाच्या हौसेला हसण्याआधी जरा थांबा. माझ्या खड्ड्यात ते कुंकू अजून आहे.