एवढी वाटी होऊ दे

…गंज नव्हे, खोबरंच होतं ते. मागच्या गणपतीचं. विळीच्या टोकाला फुलासारखी खवणी असते, तिच्या दोन दातांमध्ये वाळून, पिवळं पडून घट्ट बसलेलं. मनोरमाने नखाने ते उकरलं आणि उकरता उकरता तिच्या मनात आलं, हे मीच खवलेलं. म्हणजे तेव्हाची मी. ती हे खवून झाल्यावर जमिनीला हाताचा एक रेटा देऊन उठली असेल, परात ओट्यावर ठेवली असेल, आणि आपण उठलो हे तिच्या लक्षातही आलं नसेल.

विळी ओट्याखालच्या कपाटात अगदी आत, ओव्हनच्या ट्रेमागे सरकवलेली होती. खुब्याच्या ऑपरेशननंतर सविताने, सुनेने, ती तिथे ठेवली होती. "आई, पायात येईल तुमच्या." काठीच्या मुठीने ओढत ओढत ती बाहेर काढायला मनोरमाला बराच वेळ लागला. घरात कोणी नव्हतं. मुलगा कुणाल सकाळीच हमरिया फ्री झोनला कामावर गेला होता, सविता तिच्या ऑफिसात, नात ऋता शाळेत. बंद काचेबाहेर शारजाचं भाद्रपदातलं ऊन पांढरं होऊन उभं होतं, आणि आत एसीची ती एकसुरी घरघर, ऐकूही येत नाही इतकी सवयीची.

उद्या गणपती. काल जेवताना सविता सहज म्हणाली होती, "आई, मोदकांची ऑर्डर दिलीय मी. दुबईत करामाला एक बाई करतात, छान असतात म्हणे. तुम्ही या वर्षी नुसतं बसायचं आणि आरती म्हणायची."

"आणि सारण?"

"अहो, सारणासकटच येतात ना ते!" सविता हसली. त्यावर ऋता ताटातून मान वर न करता म्हणाली, "आजी, यू आर लाइक द गेस्ट ऑफ ऑनर!"

पाहुणी. मनोरमाही हसली होती. हसायला जमतं अजून. पण नंतर ताट सिंकपर्यंत न्यायला उठली आणि सविताने ते हातातून काढून घेतलं, तेव्हा तिच्या हातांना काय करावं ते सुचेना. ते तसेच, ताट धरल्यासारखे, थोडा वेळ हवेत राहिले…

म्हणून आज ही विळी. एक नारळ, एवढंच. संध्याकाळी ती सविताच्या हातात खवलेल्या खोबऱ्याचं पातेलं देणार होती. आमटीत घाल म्हणेल, कशातही घाल म्हणेल. नारळ तिने ओट्यापाशी उभ्यानेच फोडला होता. खवणं मात्र उभ्याने होत नाही. विळीवर बसावं लागतं, एक पाय दुमडून, एक पाय पाटावर दाबून, आणि आपलं सगळं वजन त्या लाकडाला द्यावं लागतं, तेव्हा ती हलत नाही.

खाली बसायचं नाही. गेल्या महिन्यात अरब डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, आपल्याच हाताने काढलेलं चित्र पाहावं तसा पाहिला आणि तिचा हात दोन्ही हातांत घेऊन, आईला हाक मारावी तसे म्हणाले, "मामा, खलास! परफेक्ट. नो मोअर कमिंग." कुणालने तर टाळ्याच वाजवल्या. तिने हळूच त्याला म्हटलं, "विचार ना, मांडी घालून बसता येईल का ते." त्याने विचारलं. डॉक्टरांना आधी कळेचना. "फ्लोअर? व्हाय फ्लोअर? फ्लोअर नेव्हर. सिट ऑन चेअर, लाइक क्वीन!" सगळे हसले, नर्ससुद्धा. परतताना गाडीत कुणाल शीळ घालत होता आणि ती मागच्या सीटवर, खास तिच्यासाठी घेतलेल्या उंच उशीवर, राणीसारखी बसली होती.

…बसायचं कसं ते ती विसरली नव्हती. डाव्या हाताने ओटा धरला, काठी ओट्याला टेकवून ठेवली, बरा पाय वाकवला, ऑपरेशनचा पाय पुढे लांब केला आणि मग मध्येच कुठेतरी हात सुटला, शेवटचं वीतभर अंतर ती नुसती खाली आली, धप्पकन. आधीच टाकून ठेवलेली उशी होती खाली. काठी घरंगळत फ्रीजपाशी गेली. ती श्वास रोखून थांबली. काही मोडलं नव्हतं. दुखलंही नाही फारसं. फरशी गार होती. किती दिवसांनी ही फरशी!

आणि घर बदललं. खरंच बदललं. ओटा उंच झाला, कपाटांची दारं मोठी झाली, टेबलाखालचे खुर्च्यांचे पाय दिसू लागले. चाळीसहून जास्त वर्षं ती या देशात ज्या ज्या घरात राहिली ती सगळी घरं तिने इथूनच पाहिली होती, खालून. रास अल खैमातलं सिमेंट फॅक्टरीच्या कॉलनीतलं पहिलं घर तर तिला खालूनच आठवतं. खिडकीच्या चौकटीवर बसलेली सिमेंटची राखाडी धूळ, दारात ह्यांचे बूट, आणि मधोमध मी, विळी, कोथिंबीर.

ही विळीच आधी आली होती तिच्याबरोबर. चिपळूणहून आईने साडीत गुंडाळून ट्रंकेत घातलेली. दुबईच्या विमानतळावर कस्टमवाल्याने ट्रंक उघडली, साडी उलगडली आणि विळी दोन बोटांत धरून वर केली. "शू हादा?" म्हणजे, हे काय? तिचा नवरा भानुदास, दोन वर्षं आधीच आलेला, अरबी येतं म्हणून सासरी मिरवणारा, त्याची बोबडी वळली. "किचन… सर, किचन…" कस्टमवाल्याने पात्यावरून अंगठा फिरवला आणि दुसऱ्या एकाला हाक मारली. तेव्हा ती, लग्नाला वर्षही न झालेली, इरकली साडी नेसलेली, सरळ त्या चकचकीत फरशीवर बसली. फतकल मारून. पाटावर पाय दाबला, डब्यातून काकडी काढली आणि चटचटचट कापून चकत्या त्या अधिकाऱ्यापुढे धरल्या. त्याने एक खाल्ली. मग दुसऱ्याने खाल्ली. मग सगळे हसायला लागले. "यल्ला, यल्ला!" चला, निघा. भानुदास टॅक्सीत घुश्श्यात होता, "अख्ख्या एअरपोर्टसमोर बसलीस गं!" आणि मग वाळवंटातल्या त्या सरळ रस्त्यावर कुठेतरी त्याला हसू फुटलं, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पुढे कोणीही पाहुणे आले की तेच. "आमच्या हिने उतरल्या उतरल्या एअरपोर्टवर दुकान मांडलं!"

बसली कशी ते त्याने शेकडो वेळा सांगितलं. उठली कशी ते कधीच नाही. उठण्यात सांगण्यासारखं काय असतं?

पहिली वाटी खवून झाली. परातीत पांढरा, ओलसर, हलका ढीग. हात चालत होते, मनगट बरोबर वळत होतं, पांढरं संपून पाठीचा तांबूस रंग दिसायच्या आत वाटी फिरत होती. सारणात तांबूस कण येता कामा नये, हे तिने सविताला शिकवलं होतं, बिल्डिंगमधल्या कितीतरी मुलींना शिकवलं होतं. तेवढा वेळ ती काहीच नव्हती, म्हातारी नाही, विधवा नाही, पेशंट नाही. नुसते हात होती.

मग टेबलावर फोन वाजला.

कुणाल. दुपारी रोज करतो, जेवलीस का विचारायला. "आले हं," ती मोठ्याने म्हणाली आणि जमिनीला हाताचा रेटा दिला.

काहीच झालं नाही.

पुन्हा दिला. शरीर थोडं पुढे झुकलं आणि परत जागेवर बसलं, पोतं बसावं तसं. फोन वाजून थांबला. पुन्हा वाजू लागला. आता उचलला गेला नाही तर तो सविताला करणार, सविता ऑफिसातून निघणार… नाही. त्याच्या आत उठायला हवं. ऑपरेशन झालं तेव्हा पलंगाशी बसून, डोळे लाल करून कुणाल म्हणाला होता, "आई, पुन्हा एकदा जरी पडलीस ना, तर मी तुझं काही ऐकणार नाही. सरळ नाशिकला, शर्वाणीताईकडे. तिथे दिवसरात्र बाई ठेवता येईल. इथे मी तुला असं एकटीला टाकून कामावर कसा जाऊ?" चुकीचं काय होतं त्यात? लेकीचं घर. पण नाशिकमध्ये मी कोण? तिथल्या कुठल्या घराची फरशी माझ्या ओळखीची आहे?

पण मी पडले नाही, कुणाल. मी बसलेय.

कोणाला खरं वाटेल? म्हातारं माणूस जमिनीवर दिसलं की ते पडलेलंच असतं.

व्यायाम शिकवायला यायची ती व्हेरोनिका, वसईची, बोलायला चटपटीत. तिने हेही शिकवलं होतं. "मावशी, समजा पडलात, घाबरायचं नाही. कुशीवर व्हायचं, गुडघ्यांवर यायचं, खुर्ची धरायची. आणि पडायचंच नाही, कळलं? माझी नोकरी घालवाल!" मनोरमा कुशीवर झाली. तळहात फरशीवर टेकले. गुडघा ओढून घ्यायला गेली आणि आत, खोल, जिथे आता हाड नसून धातू आहे तिथे, काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. दुखलं नाही. नुसतं सरकलं. त्या न दुखण्यानेच ती घामेजली. खुर्ची हाताच्या अंतरावर होती, बोटं तिच्या पायाला लागतही होती, पण पुढे जायचं धाडस कुठून आणायचं ते तिला ठाऊक नव्हतं. हळूहळू, आली तशीच ती परत विळीपाशी आली.

फोन आता वाजत नव्हता. पलीकडच्या मशिदीतून अजान सुरू झाली. काचेतून आलेला उन्हाचा पट्टा फरशीवरून तिच्या लांब केलेल्या पायापर्यंत आला होता.

त्या उन्हात आपलं पाऊल पाहता पाहता तिला ते कळलं. कळायला कठीण नव्हतंच काही. इतके महिने ती रोज सकाळी उठून पायाला विचारत होती, आज? काठीवरून बाथरूमपर्यंत, मग लिफ्टपर्यंत, मग खाली दुकानापर्यंत. प्रत्येक वेळी सगळे म्हणायचे, शाबास, आणि तिला वाटायचं, चला, जवळ येतंय. काय जवळ येतंय? ती बाई. विळीवरून एका रेट्यात उठणारी. बरं होणं म्हणजे तिच्यापाशी पोचणं, असं ती धरून चालली होती. आणि डॉक्टर तर म्हणाले होते, खलास. परफेक्ट. टाळ्या वाजल्या होत्या. म्हणजे बरं होऊन झालं होतं. याहून जास्त बरं काही शिल्लक नव्हतं. ही जी आत्ता फरशीवर बसलीय, हीच बरी झालेली मनोरमा.

रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. तिने दुसरी वाटी उचलली आणि खवणीला लावली.

किल्ली फिरल्याचा आवाज आला तेव्हा ऊन पायावरून पुढे सरकलं होतं.

"आई? आई! अगं बाई… पडलात?" सविता दारातच पर्स टाकून धावली. कपाळावर घाम, गळ्यात अजून ऑफिसचं कार्ड लटकत होतं. "कुठे लागलं? हलू नका. हलू नका अजिबात!"

"पडले नाही गं. बसलेय."

"बसलायत?" सविताने विळीकडे पाहिलं, परातीकडे, फ्रीजपाशी पडलेल्या काठीकडे पाहिलं. तिचा चेहरा रागाने आवळला आणि मग रागही टिकेना. ती तशीच शेजारी फरशीवर बसली, ऑफिसच्या कपड्यांत. "किती वेळ?"

मनोरमाने वाटी खवणीवर पुन्हा फिरवली.

"चला, मी धरते. माझ्या गळ्यात हात घाला."

"थांब. एवढी वाटी होऊ दे."

"आई!"

"एवढीच."

पर्समधला फोन वाजू लागला. सविता उठून दारातून तो घेऊन आली. स्क्रीनवर कुणालचं नाव. तिने मनोरमाकडे पाहिलं. "काय सांगू त्याला?" तिने अगदी हळू विचारलं, जणू तो आत्ताच ऐकत होता. "आई, तुम्ही सांगा. काय सांगू?"

दुपारभर मनोरमाने या प्रश्नाचं उत्तर तयार केलं होतं. किती प्रकारांनी केलं होतं. पडली म्हण. बसली म्हण. नाशिक म्हण. आता सगळे शब्द सारख्याच वजनाचे झाले होते. तिने पाटावरचा पाय घट्ट दाबला, विळी हलू नये म्हणून, आणि वाटी फिरवत राहिली. पांढरं केव्हाच संपलं होतं. परातीतल्या शुभ्र ढिगावर तांबूस कण पडू लागले होते. ते तिला दिसत होते. हात थांबत नव्हता.