गुनहिल्डच्या नावाची पेटी

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. पाइनच्या जाड फळ्या, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या आणि दर्शनी बाजूला निळी-तांबडी वेलबुट्टी. मित्रांनो, एवढे मी छातीठोकपणे सांगू शकते. मी कोणाची आहे, हे मात्र विचारू नका. तिथे माझा गोंधळ होतो. दोनशे वर्षे उलटून गेलेल्या पेटीने असे म्हणावे, याची मला थोडी लाजही वाटते.

नॉर्वेतल्या टेलेमार्क भागात नदीच्या वरच्या अंगाला मिडबो नावाचे शेत आहे. जमीन, घर, गोठा, गवताचे कोठार, सगळे मिळून मिडबो. १८११ साली या घरातल्या एकुलत्या एका मुलीचे, गुनहिल्डचे लग्न ठरले, तेव्हा तिच्या वडिलांनी मला सुताराकडून बनवून घेतले. मला रंगवायला एक रंगारी पायी आला आणि आठ दिवस घरीच जेवला. रंग ओला असताना घरची मांजर माझ्यावरून चालत गेली. त्याने तिच्या पावलांचीच फुले करून टाकली. म्हणून माझ्या वेलीवर चार फुले इतरांपेक्षा लहान आहेत. शेवटी त्याने मधोमध लिहिले: गुनहिल्ड मिडबो, १८११.

गुनहिल्डचा नवरा दुसऱ्या शेतावरचा होता. तो इथे राहायला आला, त्या दिवसापासून तोही मिडबो झाला. जो ज्या शेतावर राहील त्याने त्या शेताचे नाव लावायचे, असा इकडचा रिवाज होता. मी तेव्हा कोरी होते. मी त्यातून एक धडा घेतला: ज्याचे नाव मिडबो, तो आपला माणूस. हा धडा मी फार घट्ट धरून ठेवला.

गुनहिल्डची चादर, लोकरीची घोंगडी, लग्नातला चांदीचा बिल्ला, सगळे मी सांभाळले. तिची मुले झाली, नातवंडे झाली. तिची एक नात, मार्गित, नदीपलीकडच्या लिएन शेतावर दिली. मग १८८२ च्या वसंतात दारात गाडी उभी राहिली. अमेरिका, अमेरिका, असा शब्द घरात सारखा ऐकू येत होता. दोन लहान पेट्या भरून बाहेर गेल्या. मी माझी पाळी येण्याची वाट पाहत राहिले. मार्गित माझ्या झाकणावर बसून रडली, नदीपलीकडे निघून गेली, आणि घराचे दार बंद झाले.

शरद ऋतूत दार उघडले. एक माणूस, त्याची बायको, तीन मुले आणि एक म्हातारी आत आली. पाद्रीबुवांनी त्या माणसाला हाक मारली, “तोल्लेफ मिडबो.” मला हायसे वाटले. आपली माणसे परत आली म्हणायची.

काही गोष्टींनी मात्र मी बुचकळ्यात पडले. त्यांच्याबरोबर एक किटली आणि लाकडी वाडगे सोडले तर सामान नव्हते. आवाज वेगळे, खोकणे वेगळे. सहा महिन्यांत माणसे इतकी बदलतात का? अमेरिकेची हवा बाधली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. तोल्लेफच्या बायकोने मला राखेच्या पाण्याने तीनदा धुतले. आणि ती म्हातारी, लिव्ह तिचे नाव, कितीही आग्रह केला तरी माझ्यावर बसायची नाही. झाकण रिकामे असले तरी ती चुलीपाशी जमिनीवर बसायची. तिचे काय बिनसले होते, मला समजत नसे.

त्यानंतर मी पुष्कळ काम केले. पीठ ठेवले, बटाटे ठेवले. युद्धाच्या वर्षांत जर्मन शिपायांनी गावचे रेडिओ जमा केले, तेव्हा एक रेडिओ घोंगड्यांखाली माझ्या पोटात होता. मग घरात कपाटे आली, आणि मी दाराजवळच्या बोळात गेले. माझ्यात जुने बूट, बर्फावर घसरायच्या काठ्या आणि एकेकटे हातमोजे साठले. माझी आठवण फक्त पोस्टमनला होती. सिगुर्ड लिएन त्याचे नाव. एकतीस वर्षे तो टपाल घेऊन आला, माझ्यावर बसून त्याने बूट काढले, आणि आत जाऊन कॉफी प्याला. निवृत्त झाल्यावरही तो दर गुरुवारी येतच राहिला, टपाल नसताना.

आता आयविंडविषयी सांगते. आयविंड मिडबो म्हणजे तोल्लेफचा पणतू. आयुष्यभर लाकडाचे ट्रक चालवून तो आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला आहे. बायको गेल्यावर घर फार शांत झाले, तेव्हा त्याच्या मनाने एक गोष्ट घेतली. इकडे पांगलेली भावकी एखाद्या उन्हाळ्यात मूळ शेतावर जमते, मोठा वंशवृक्ष टांगते आणि एकत्र जेवते. तसा मेळावा मिडबोला भरवायचा. चौसष्ट माणसे येणार होती. वंशवृक्षाच्या मुळाशी गुनहिल्डचे नाव असणार होते, आणि निमंत्रणपत्रिकेवर माझा फोटो.

त्याने मला बोळातून बैठकीत आणले. जवसाच्या तेलाने पुसले. मांजरीची फुले तब्बल ऐंशी वर्षांनी चमकली. येणाऱ्याजाणाऱ्याला तो म्हणायचा, ही आमच्या खापरपणजीच्याही आधीची. मित्रांनो, कौतुक कोणाला नको असते?

वंशवृक्ष नीट व्हावा म्हणून त्याने शहरातून वेंके लुन्डे या बाईंना रीतसर नेमले. चर्चच्या नोंदवह्या आणि जुन्या जनगणना वाचून लोकांचे पूर्वज शोधून देणे हाच त्यांचा पेशा. आयविंडच्या थोरल्या बहिणीला, बिर्गितला, हे पसंत नव्हते.

“आपले बापजादे कोण, हे सांगायला आता परकी बाई आणायची? तुझ्या तोंडाला काय झालं?”

“माझं तोंड आजोबांपाशी संपतं, ताई,” आयविंड म्हणाला.

वेंकेबाई आल्या. त्यांनी माझे फोटो घेतले, गुडघ्यांवर बसून माझ्यावरचे नाव वाचले, आणि तोल्लेफचा जन्म कुठला, असे विचारले. इथलाच, दुसरा कुठला असणार, असे आयविंडने सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले आणि पुढे एक प्रश्नचिन्ह काढले. मला ते चिन्ह आवडले नाही.

मे महिन्यात त्या पुन्हा आल्या. बिर्गितने वॉफल आणि तपकिरी चीज पुढे ठेवले, पण बाईंनी हात लावला नाही. आधी कागद मांडले. मग शांतपणे सांगितले, की या घरात राहणारा गुनहिल्डचा सगळा वंश १८८२ साली अमेरिकेला गेला आणि शेत तोल्लेफकडे आले. तोल्लेफ जन्मला तो वर रानाच्या कडेला, दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेल्या झोपडीत. ते लोक जमीनमालकाकडे राबत आणि त्या बदल्यात झोपडीत राहत. इथे राहायला आल्यावर त्याने रिवाजाप्रमाणे मिडबो हे नाव लावले, एवढेच.

आयविंडने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

“मग ही गुनहिल्ड माझी कोण?”

“कोणी नाही,” वेंकेबाई म्हणाल्या. “तुम्ही तिच्या घरात राहता.”

मी ऐकत होते. माझा दोनशे वर्षांचा धडा त्या एका वाक्यात चुकीचा ठरला होता, आणि त्याच्या जागी दुसरा कुठला ठेवायचा, ते मला सुचेना. मग तोल्लेफची माणसे कधी परत आलीच नव्हती तर. ती पहिल्यांदाच आली होती. लिव्ह माझ्यावर का बसत नसे, ते मला तेव्हा उमगले. तिला ठाऊक होते. मलाच ठाऊक नव्हते.

गुनहिल्डच्या रक्ताचे इथे कोणी उरले आहे का, असे आयविंडने विचारले. वेंकेबाईंनी दुसरा कागद पुढे सरकवला. एक नात मागे राहिली होती, मार्गित. तिची मुले, त्यांची मुले, आणि सर्वांत खाली एक नाव: सिगुर्ड लिएन.

बिर्गितला इतके हसू आले की कॉफी बशीत सांडली. “आपला पोस्टमन? एकतीस वर्षं बिचारा स्वतःच्याच घरच्या पेटीवर बसून बूट काढतोय.”

आयविंड हसला नाही. झाडाच्या मुळाशी गुनहिल्डचे नाव राहू दिले तर कोणाचे काय बिघडणार आहे, असे तो हळूच म्हणाला. पत्रिका केव्हाच गेल्या होत्या.

“टांगायच्या चित्रात तुम्ही कुणालाही बसवा, आयविंड,” वेंकेबाई म्हणाल्या. “माझी सही असलेल्या कागदावर ती बसणार नाही.”

जाताना त्यांनी आणखी एक पान ठेवले. ते तोल्लेफच्या आईविषयी, लिव्हविषयी होते. आयविंडने न वाचताच त्याची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्याखाली पोते सरकवले, मला ओढत ओढत गवताच्या कोठारात नेले, तोंड भिंतीकडे करून ठेवले आणि वर ताडपत्री टाकली. मी काय केले होते? मी तर तीच पेटी होते. कालपर्यंत तेल, आज ताडपत्री. अंधारात मी पुन्हापुन्हा हिशेब जुळवत राहिले. मी गुनहिल्डची, तर तोल्लेफच्या बायकोने मला धुतले ते कोणाची म्हणून? मी आयविंडची, तर त्याला माझे तोंड का बघवत नाही? आणि सिगुर्डची म्हणावे, तर त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

गुरुवारी सिगुर्ड मला शोधत कोठारात आला. त्याला बूट काढायला जागा सापडली नव्हती. पेटीला कीड लागली, असे आयविंडने सांगितले. सिगुर्डने ताडपत्रीवरूनच माझ्यावर टकटक केले.

“कीड? हिला? तुझ्या डोक्यात असेल.” एवढे म्हणून तो गेला. 

जूनमध्ये मेळावा भरला. फळ्यांच्या फटींतून मला सगळे ऐकू येत होते. गाड्या आल्या, पोरे ओरडली, आंबट सायीच्या लापशीचा वास आला. थोड्याच वेळात एकेकजण विचारू लागला, पत्रिकेवरची पेटी कुठे आहे? आयविंड कोठारात आला आणि नुसताच उभा राहिला. त्याच्यामागून बिर्गित आली.

“पत्रिकेवर हिचा फोटो छापलास, आणि आता हिला शाळेतल्या पोरासारखी भिंतीकडे तोंड करून उभी केलीस. हिनं तुझं काय घोडं मारलंय?”

“ताई, बाहेर चौसष्ट माणसं आहेत. त्यांना काय सांगू? की आपण कुणीच नाही?”

बिर्गितने त्याच्या कोटाच्या खिशातून ते घडी घातलेले पान काढले. तिने ते आधीच वाचले असावे, कारण उघडून न बघता ती बोलली. “सात मुलं झाली लिव्हला. चार पुरली. तिघं जगली, त्यातला एक तोल्लेफ. चमचासुद्धा नाही हिच्या नावावर कुठं लिहिलेला. ही कुणीच नाही?”

आयविंडने ताडपत्री ओढून काढली. त्याने मला वळवू पाहिले, पण त्याच्याने एकट्याने होईना. तेव्हा त्याने अंगणातून सिगुर्डला हाक मारली. सिगुर्डने एक कडी धरली, पण आयविंडने त्याला थांबवले. पेटी उचलण्याआधी ती कोणाची आहे हे ऐक, असे म्हणून त्याने सगळे सांगितले: मार्गित, अमेरिका, झोपडी, वेंकेबाईंचा कागद. सांगताना त्याचा आवाज ट्रकच्या जुन्या इंजिनासारखा मध्येच अडकत होता.

“म्हणजे ही तुझी आहे,” शेवटी तो म्हणाला. “आज घेऊन जा म्हणालास तरी चालेल.”

सिगुर्ड कडी हातात धरून वाकलेलाच राहिला. मग सावकाश सरळ झाला.

“एकतीस वर्षं मी तुझं एक पत्र इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. आणि तू माझं पत्र महिनाभर दाबून ठेवलंस.”

“ठेवलं,” आयविंड म्हणाला.

“चल, उचल.”

दोघांनी मला अंगणात आणले. आयविंड माझ्या शेजारी उभा राहिला आणि माझ्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाला, की या पेटीवरच्या बाईशी आपले काहीच नाते नाही. तिचा वारस आपला सिगुर्ड आहे. आपली बाई वेगळी. मग त्याने लिव्हचे पान मोठ्याने वाचले. ते फार लहान होते. वाचून संपले, तरी पुढे काहीतरी असेल म्हणून लोक वाट पाहत राहिले. एका चिमुरडीने विचारले, तिची पेटी कुठे आहे? 

त्या गोष्टीला आता दोन वर्षे झाली. मी पुन्हा दाराजवळच्या बोळात आहे, पण आत बूट नाहीत. सिगुर्ड दोन खोल्यांत राहतो आणि त्याच्या बायकोला घरात जुने सामान खपत नाही. तो सारखा ठरवतो, आणि त्याचे ठरत नाही. दर गुरुवारी आयविंड त्याला विचारतो, कधी नेतोस? विचारताना त्याचा चेहरा पडलेला असतो, तरी तो विचारल्याशिवाय राहत नाही. विचार करतोय, असे म्हणून सिगुर्ड कॉफी मागतो. नाव गुनहिल्डचे, रक्त सिगुर्डचे, आणि माझ्या झाकणाला तेल लावतो तो आयविंड. यांतले कोणते माझे, ते मला अजून सांगता येत नाही.

तुमच्याही घरात माझ्यासारखे काहीतरी असेल, मित्रांनो. ते कोणाचे होते, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. आम्हा वस्तूंना बोलता येत नाही, आणि आमच्यावर लिहिलेले वाचून नेहमीच कळते असे नाही. उत्तर मनाविरुद्ध आले, तर राग वस्तूवर काढू नका. आणि तुमच्या लिव्हचे नाव कशावरच लिहिलेले नसेल, तर ते एखाद्या कागदावर लिहून ठेवा. तो कागद ठेवायला जागा हवी असेल, तर माझ्यात आहे. एक पान आधीच आहे तिथे.