पारा थांबेपर्यंत

त्या सकाळी मी शेडमधल्या खिळ्याला टांगलेला होतो आणि मालक माझ्याखाली बसून जाळं सांधत होता. थंडी सरत आली होती. मालकाची धाकटी बहीण दारात येऊन उभी राहिली. एरवी ती आली की आधी शेडमधल्या पसाऱ्यावरून भावाला चार शब्द सुनवायची. त्या दिवशी तिने पसाऱ्याकडे पाहिलंच नाही.

"दादा," ती म्हणाली, "दवाखान्यातून फोन आला होता. ते जाळं ठेव आता खाली."

"एवढी गाठ होऊ दे," मालक म्हणाला.

त्याने गाठ मारली. मग ती सोडली आणि पुन्हा मारली. बहीण दारातच उभी राहिली. त्याने तिसऱ्यांदा गाठ सोडली, तेव्हा तिने पुढे होऊन त्याच्या हातातून सुई काढून घेतली.

मित्रांनो, माझी मालकीण आता परत येणार नाही हे मला असं कळलं.

मी पाण्याचा ताप मोजणारा जुना थर्मामीटर आहे. काचेचा आहे, हातभर नाही पण वीतभर नक्की आहे. माझ्या पोटात पारा आहे. एका कारखान्यात एका माणसाने गाल फुगवून माझी नळी फुंकली, दुसऱ्याने तिच्यावर रेघा कोरल्या, आणि भुशात गुंडाळून मला एका डेअरीत पाठवून दिलं. तिथे माझं काम दुधात बुडायचं आणि दूध किती तापलं ते सांगायचं.

डेअरीत सगळ्या बायकाच होत्या. त्यांचे हात सदा ओले, आणि भिंतीवरचं घड्याळ वाफेने कायम आंधळं झालेलं. मला दुधात सोडलं की पारा हळूहळू चढतो आणि मग एका जागी थांबतो. तो थांबायच्या आत मला बाहेर काढलं तर मी खोटं सांगतो. माझी तशी इच्छा नसते, पण माझ्यात आधीची ऊब किंवा आधीचा गारठा उरलेला असतो. म्हणून त्या बायकांनी एक सूर ठरवून घेतला होता. त्याला शब्द नव्हते. नवी मुलगी कामाला आली की तिला पहिल्या दिवशी तो सूर शिकवायचा, आणि तो पुरा होईपर्यंत थर्मामीटरला हात लावायचा नाही, असा तिथला नियम होता.

माझी मालकीण त्या डेअरीत कामाला होती. लग्न ठरलं तेव्हा डेअरीत नवी यंत्रं आली आणि मी अडगळीत पडलो. तिने मला मागून घेतलं. मुख्य बाई हसून म्हणाली, "मासेमाराच्या घरी चाललीस. तिथे काय मोजणार, नवऱ्याचा राग?" तरी तिने मला एका जुन्या मोज्यात घालून मालकिणीच्या हातात दिलं.

मालक तळ्यावर होडी चालवायचा आणि गोड्या पाण्यातले मासे धरायचा. त्याला वाटायचं, मासे लागणं हे आपल्या हातात नसतं. मालकिणीला तसं वाटत नव्हतं. पहिल्याच वर्षी, वसंत सरताना पाणी तापायला लागलं, तेव्हा तिने एक रुंद तोंडाची बाटली घेतली, तिच्या बुडाला शिसं गुंडाळलं, मला आत घातलं आणि बूच लावलं. एक दोरी बाटलीच्या गळ्याला, दुसरी बुचाला. बाटली तळापर्यंत सोडायची, मग दुसऱ्या दोरीला झटका द्यायचा. बूच निघतं, बुडबुडे वर जातात आणि तळाचं पाणी आत भरतं. मी त्या पाण्यात बसून राहायचो. मग बाटलीसकट वर यायचो आणि मालकीण मला डोळ्यांजवळ धरायची.

शेजारच्या होडीत एक मासेमार होता. तो प्रत्येक वाक्यात 'अंदाजे' म्हणायचा, म्हणून सगळे त्याला अंदाजेकाकाच म्हणत. मला पाहून त्याला हसू आवरेना.

"काय वहिनी, पाण्याला ताप आलाय का? अंदाजे किती गोळ्या द्यायच्या?"

"पाणी बरं आहे," मालकीण म्हणाली. "तुमचं जाळं रिकामं निघालं की तुम्हाला येतो ना, तो ताप बघायचाय."

दोन-तीन वर्षांत अंदाजेकाकाने हसणं सोडलं आणि आमची होडी कुठे जाते ते तो बघायला लागला.

थंडीत मासे डोहाच्या तळाशी गप्प पडून असतात. पाणी तापत गेलं की ते डोहातून वर, काठाकडे चढणाऱ्या उतारावर येतात, आणि पाणी आणखी तापलं की काठाच्या लव्हाळ्यात अंडी घालायला येतात. वरचं पाणी उन्हाने लवकर तापतं, वारा ते एका काठाला लोटत नेतो, म्हणून वरवर हात घालून काही कळत नाही. तळाचं पाणी विचारावं लागतं. मालकिणीने माझ्या नळीवर एका रेघेशी लाल दोरा बांधला होता. तळाच्या पाण्याने पारा त्या दोऱ्याला लागला की मासे उतारावर आलेच. दोऱ्याच्या खाली असला तर ते अजून डोहात आहेत.

वल्हवणारा माणूस होडीत मागे तोंड करून बसतो, हे तुम्ही पाहिलं असेल. मालक तसा बसायचा. त्याच्या समोर, मागच्या फळीवर मालकीण. होडी कुठे चालली आहे ते त्याला दिसतच नव्हतं, फक्त ती दिसायची. तिने हनुवटी डावीकडे केली की तो तिकडे वळायचा. बाटली तळाला गेली की ती गुणगुणायची, गुणगुणणं संपलं की दोरी ओढायची. मालक म्हणायचा, "तुला गाणं येत नाही आणि गप्पही बसवत नाही." ती म्हणायची, "अहो, तुम्ही वल्ही मारा." इतकी वर्षं तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि ती काय करते आहे हे त्याने कधी पाहिलं नाही. पाहायची गरज पडली नाही.

गेल्या हंगामाच्या शेवटी तिने मला बाटलीतून काढून पुसलं, तेव्हा तिच्या अंगठ्याने माझा पारा नेहमीपेक्षा वर चढला. मला ते कळलं. पण माझ्यावरचा आकडा कोणी पाहिला नाही, कारण त्या वेळी मी पाण्यात नव्हतो.

ती गेल्यावर त्यांची मुलगी आली. ती शहरात एका बेकरीत कामाला आहे. पंधरवडाभर राहिली, घर आवरलं, आणि जाताना शेडमध्ये येऊन वडिलांना म्हणाली की तुम्ही इथे एकटे राहू नका, होडी विकून टाका, माझ्याकडे चला. मालक नको म्हणाला. बराच वेळ दोघांचं तेच चाललं. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे. वसंत संपता संपता मी परत येईन. तोवर मासे लागले तर राहा. नाही लागले तर माझ्याबरोबर यायचं, आणि तेव्हा कुरकुर करायची नाही." मालक म्हणाला, "चालेल." हे तळं सोडून जायचं म्हणजे त्याच्यासाठी काय, हे तिलाही माहीत होतं.

मग दिवस तापायला लागले आणि मालकाने होडी पाण्यात लोटली. मागची फळी रिकामी होती, त्यामुळे होडीचं पुढचं टोक खाली दबलं. त्याने रेतीचं एक पोतं आणून तिच्या जागेवर ठेवलं. वल्हवताना तो पोत्याकडे बघायचा. मधेच, काही कारण नसताना, होडी डावीकडे वळवायचा. ती जिथे जिथे हनुवटी हलवायची तिथे तिथे तो आठवणीने वळत होता. पण यंदा वसंत उशिरा आला होता, आणि गेल्या वर्षीच्या जागी मासे नव्हते.

मग त्याने मला बाटलीत घातलं. बूच तिच्यासारखंच ओढलं. बुडबुडे वर जाताच त्याने बाटली वर खेचली. माझ्यात फळीवरच्या उन्हाची ऊब तशीच होती. पारा लाल दोऱ्याला टेकलेला. "आले उतारावर," तो पोत्याला म्हणाला आणि उतारावर जाळं टाकलं.

जाळं रिकामं निघालं. दुसऱ्या दिवशी त्याने तेच केलं, आणि त्यानंतरही रोज. मी रोज खोटं बोलत होतो आणि तो रोज विश्वास ठेवत होता. एकदा अंदाजेकाका होडी जवळ आणून म्हणाला, "दादा, अंदाजे डोहाकडे बघा ना." मालक म्हणाला, "तिचा थर्मामीटर उतार सांगतोय." अंदाजेकाकाने आपली होडी मागे घेतली.

मित्रांनो, पाण्याखाली बाटलीत बसलेलं असताना वरचं सगळं ऐकू येतं. वल्ह्याचा थेंब पडतो तोही. डोहाच्या कडेला अंधारात मी वाट बघायचो की आता वरून तो सूर येईल. सवय होती. काही वेळा मला वाटायचं की तो खालूनच येतो आहे, डोहातून. मग दोरी ताणली जायची.

ठरल्याप्रमाणे मुलगी आली. घरात माशाचा वास नाही हे तिने दारातच ओळखलं. सकाळी म्हणाली, "मी येते होडीत." पोतं उचलून तिने काठावर ठेवलं आणि आईच्या फळीवर बसली. मालक वल्ही हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. "चला ना बाबा," ती म्हणाली.

उताराशी त्याने होडी थांबवली, बाटली सोडली, बूच ओढलं आणि लगेच दोरीला हात घातला.

"एवढ्यात कुठे काढता? आई गुणगुणायची तेवढं तरी थांबा."

"ती उगाच गुणगुणायची. तिला सवय होती."

"उगाच? लहानपणी अंडी उकडायला ठेवली की मला तेच म्हणायला लावायची. दोनदा पुरं झालं की अंडी काढायची. मी बेकरीत अजून तसंच करते, सगळे हसतात मला."

मालकाने दोरी सोडली नाही, पण ओढलीही नाही. मग म्हणाला, "तुला येतं ते?"

मुलीने गुणगुणायला सुरुवात केली. तो सूर दोरीवरून खाली माझ्यापर्यंत आला. डेअरीतला, तसाच. मधल्या एका जागी मालकीण नेहमी जरा खाली यायची, तशी ही पण खाली आली. "थांब," मालक म्हणाला. आवाज बंद झाला. मी तळाशी होतो, माझा पारा उतरत होता. मग मला ऐकू आलं, "नाही, म्हण. पहिल्यापासून म्हण."

तिने तो पुरा म्हटला. मला वर काढलं तेव्हा पारा लाल दोऱ्याच्या बराच खाली होता. मालक माझ्याकडे बघत बसला. मुलीने विचारलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे मासे अजून डोहात आहेत," तो म्हणाला. "मी सगळे दिवस त्यांना खाली सोडून वर उतारावर जाळं टाकत होतो."

डोहात जाळं टाकलं. दुसऱ्या सकाळी ते दोघांनी मिळून ओढलं, कारण एकट्याच्याने ते ओढवत नव्हतं. मुलगी पाण्याने निथळत होती. मासे होडीच्या तळाशी उसळत होते. त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "आता तुम्ही येणार नाही." मालकाने मान हलवली. "मीच माझं वाटोळं केलं," असं म्हणून ती हसली, आणि मग डोळे पुसायला तोंड वळवलं.

जाण्याआधी तिने त्याला तो सूर शिकवला. त्याला धड जमत नाही. मधल्या त्या खाली यायच्या जागी तो अडतो आणि मग त्याला पहिल्यापासून म्हणावं लागतं, म्हणून मला तळाशी आता फार वेळ राहावं लागतं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. जास्त थांबल्याने मी खोटा ठरत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी वस्तू असेल. ती जपा, उन्हात टाकू नका, आपटू नका. पण ती वापरणारं माणूस काय करतं तेही एकदा जवळ बसून विचारून घ्या, ते आहे तोवर. नुसत्या वस्तूला सगळं सांगता येत नाही.

पाणी आता चांगलं तापलं आहे. पारा दोऱ्याच्या वर जातो. मासे काठाच्या लव्हाळ्यात अंडी घालायला आले असतील. या दिवसांत मालकीण तिकडे जाळं टाकू द्यायची नाही. वर्षातून एक सकाळ दोघं नुसतीच तिकडे जायची, वल्ही उचलून बसायची आणि पाण्याबाहेर आलेल्या माशांच्या पाठी बघायची. मालक रोज होडी काढतो, डोहापर्यंत जातो आणि परत येतो. लव्हाळ्याकडे तो अजून गेलेला नाही.