कोपऱ्यातला बिछाना

"ताई, पहिली झोप तुम्ही घ्या. कोपऱ्यातला बिछाना रिकामा ठेवलाय."

"एवढी सरबराई? म्हातारी झाले वाटतं मी!"

कोणी हसलं नाही.

सतरा तासांच्या या उड्डाणात हवाईसेविका आळीपाळीने झोपतात. प्रवाशांच्या डोक्यावरच्या बुटक्या खोलीत कोपऱ्यातल्या बिछान्यासाठी एरवी भांडणं होतात. आज तो न मागता मिळाला. मघाशी कॅप्टननेही विचारलं होतं, "जेवलात का?" बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

निघताना ताईला भावाचा दवाखान्यातून फोन आला होता. "बाबा स्थिर आहेत, अक्का. तू निर्धास्त जाऊन ये."

विमानातल्या सगळ्यांची आजची वागणूक ताईच्या ओळखीची होती. वाटेत कोणाच्या घरून वाईट बातमी आली, तर ती उतरेपर्यंत सांगायची नाही. हलकं काम द्यायचं, गोड बोलायचं. नव्या मुलींना हे तीच शिकवायची. विमानातून उतरून घरी पळता येत नाही, मग सांगून काय साधणार?

ती आडवी झाली. थोड्या वेळाने पडदा सरकला. दोन वर्षांपूर्वी जिच्या भावाच्या मृत्यूची बातमी ताईने नऊ तास दाबून ठेवली होती, तीच मुलगी गुडघ्यांवर रांगत आत आली.

"झोपलात?"

"नाही गं."

"मग विचारा. मी सांगते."

"नियम आहे ना."

"तुमचा नियम. त्या नऊ तासांत मी विमानातल्या विक्रीतून दादासाठी घड्याळ निवडत होते, ताई. पट्टा काळाच घे, असं तुम्ही म्हणालात."

ताईने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. उतरायला अजून अकरा तास होते. विचारलं नाही, तर बाबा आणखी अकरा तास दवाखान्यात, स्थिर. खाली इंजिनांचा एकसुरी आवाज चालू होता. मुलगी तिच्याकडे बघत होती. तिला घाई नव्हती.

"कधी?" ताईने विचारलं.

"तीन तास झाले."

ताईने उठून बसायचा प्रयत्न केला. छत इतकं खाली होतं की ताठ बसता येईना. मुलगी सरकून शेजारी आली. दोघी माना वाकवून तशाच बसून राहिल्या.