डाव्या बाजूचं बेरिंग

काटेवाडीच्या फाट्यावर कचरूतात्यांचं गॅरेज. चाळीस वर्षं माणसं तिथं तात्यांच्या कानासाठी यायची. गाडीत शेजारी बसून दोन किलोमीटर गेलं की कुठल्या चाकाचं बेरिंग गेलंय ते तात्या सांगायचे. कधी चुकायचे नाहीत, आणि आपण चुकत नाही हे चारचौघांत सांगायलाही चुकायचे नाहीत.

गेल्या दिवाळीपासून तो कान गेला. घरात बायको रंगुबाई हाका मारून मारून थकली. गॅरेजात मात्र अजून कुणाला पत्ता नाही, अशी तात्यांची समजूत. झाकली मूठ सव्वा लाखाची! समोरचा मोठ्यानं बोलला तर ओठ बघून कळायचं, पण यंत्राचा बारीक आवाज कायमचा बंद झाला होता. पाने-पकडी तर सगळ्यांकडेच असतात. कान गेल्यावर तात्यांना कोण विचारणार होतं?

सकाळीच भिमा दुधाची जुनी पिकअप घेऊन आला. ही गाडी त्याच्या बापापासून तात्यांच्याच हाताखालची.

"मागच्या चाकातनं घूं घूं आवाज येतोय, तात्या. बसा, एक चक्कर मारू."

तात्यांनी डोळे मिटून मान तिरकी केली. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

"ऐकलंत नव्हं?" गाडी थांबवून भिमानं मोठ्यानं विचारलं.

"व्हय की. डावं गेलंय."

निव्वळ अंदाज! उसाच्या ट्रॅक्टरला वाट देताना डावं चाकच डांबर सोडून खाली आपटतं. या भागात दहांतली आठ बेरिंगं डावीच जातात, त्या हिशेबावर म्हाताऱ्यानं ठोकून दिलं.

जॅक लावला. चाक, ड्रम, हब उतरवला. बेरिंग डिझेलमध्ये धुऊन तात्यांनी बोटांनी फिरवलं. रोलर लख्ख, एक ओरखडा नाही. ते हातात धरून तात्या खालीच बसले. नवं बसवून गप्प राहता आलं असतं. पण उजवं खराब असताना भिमाला भरल्या कॅनांसकट इंदापूरला धाडायचं? तात्या खोटं बोलले होते, तरी इतके निर्ढावलेले नव्हते.

"भिमा, चुकलो मी. मला ऐकू येत न्हाय आता. उजवं खोलतो."

भिमाचा चेहरा उतरला. "ऱ्हाऊ द्या, तात्या. नका खोलू."

"चाक निखळलं तर मरशील, येड्या!"

भिमानं हात धरला, तो झटकून तात्यांनी उजवा हब उतरवला. आत बेरिंग कोरं करकरीत. ग्रीस अजून ताजं होतं. दुसऱ्या कुणाच्या हातचं काम होतं, आणि चांगलं होतं.

"परवा बारामतीत टाकलं," भिमा म्हणाला. "तुमचा कान गेल्यापासनं समदेच तितं जात्यात. तुमी हितं नुसतं बसून असता, म्हनलं डावं तरी तुमच्याकडनं बदलून घ्यावं."

"मग तो आवाज?"

भिमा खाली बघून काहीतरी पुटपुटला. ओठ दिसले नाहीत, म्हणून तात्यांनी पुन्हा विचारलं. शेवटी त्याला ओरडूनच सांगावं लागलं. रस्त्यापलीकडचा चहावालासुद्धा वळून बघायला लागला.

"आवाज नव्हताच, तात्या!"