ते-ग्योमदादांची मुलाखत

कोरियातल्या पांग्यो गावच्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचा मी जुना पांढरा फळा. कितीही पुसलं तरी न जाणाऱ्या निळसर रेघा अंगावर घेऊन आता सामानाच्या खोलीत उभा असतो. पण मित्रांनो, एकेकाळी माझी जागा खिडकीशेजारी होती!

तिथे प्यो ते-ग्योम नावाचे प्रोग्रॅमर माझ्यावर लिहीत. बससाठी जवळचा रस्ता शोधणारा प्रोग्रॅम ते आणि नवी आलेली ग्यु-रिन मिळून करत होते. पोरगी फटकळ.

"दादा, तुमची बस समुद्रात चाललीय!"

"जाऊ दे गं, उन्हाळा आहे," असं म्हणत ते ओळ खोडत. ती अडली की सांगत, "लहान उदाहरण घे. दोनच थांबे धर." त्यांचं अक्षर तिरपं, पण हात फार हलका.

मग तिकडे समुद्रकाठच्या तोंगयंगला, त्यांच्या गावी, वडिलांना पक्षाघात झाला. घरची कालवांची शेती सांभाळायला ते नोकरी सोडून गेले. त्यांनी शेवटचं लिहिलेलं ग्यु-रिन कितीतरी दिवस कुणाला पुसू देईना. पुढे ती टीमची प्रमुख झाली आणि तिनं मला मुलाखतीच्या खोलीत लावलं. घामेजल्या बोटांनी किती जणांनी माझ्यावर लिहिलं! दार उघडलं की मला मात्र वाटे, ते आले असतील.

वडील गेल्यावर ते खरंच आले. उमेदवार म्हणून. परतणाऱ्यालाही मुलाखत चुकत नसे. प्रश्न विचारायला दुसऱ्या टीमचे कू साहेब बसले होते.

"बसा, मिस्टर प्यो," ग्यु-रिन म्हणाली.

"थँक्यू, मॅडम."

त्यांच्या बोटांवर शिंपल्यांनी कापल्याच्या खुणा होत्या. पहिलं उत्तर बरोबर आलं.

"हेच आणखी वेगानं होईल?" कू साहेबांनी विचारलं.

ते-ग्योम लिहू लागले आणि थांबले. पेनचं टोक माझ्यावर टेकलेलंच राहिलं. त्यांना काहीतरी सांगावं म्हणून माझा जीव तुटत होता.

"लहान उदाहरण घेऊन बघा," ग्यु-रिन म्हणाली. अडलेल्या प्रत्येकाला ती हेच सांगे.

ते किंचित हसले. अर्ध्यापर्यंत पोचले, तेवढ्यात वेळ संपला. कू साहेब बाहेर गेले.

"मी बोलते त्यांच्याशी," ती घाईनं म्हणाली.

"नको गं. उद्या इथे दुसरा कुणी नापास झाला, तर त्याला काय सांगशील?"

त्यांनी डस्टर उचललं.

"राहू द्या ना, दादा."

"पुढच्याला फळा स्वच्छ मिळायला हवा."

त्यांनी मला कडेपर्यंत नीट पुसलं. दार लागेपर्यंत ग्यु-रिन पाठमोरीच उभी होती. त्यांची निवड झाली नाही.

आता मुलाखती पडद्यावर होतात. माझ्यावर कुणी लिहीत नाही, आणि तसा हलका हात मला पुन्हा लाभला नाही. मित्रांनो, तुमच्यासमोर कुणी हातात पेन घेऊन अडून राहिलं, तर लगेच घड्याळाकडे बघू नका. आधी त्याला पाणी विचारा.